मुक्काम मोहर्लीला आणि परमिट कोलाऱ्याचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही ठाण्याचे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबाला जायचं ठरवलंय. घरची सात माणसं आहोत: मी, हे, दहा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, सासूबाई, बहात्तर वर्षांचे सासरे (त्यांना कमरेचं दुखणं आहे) आणि नणंद, जिने नुकताच मोठा कॅमेरा घेतलाय. सोमवारी दुपारी नागपूरला पोचून टॅक्सीने मोहर्लीला जाणार. तिथल्या रिसॉर्टमध्ये तीन रात्रींचं बुकिंग झालंय आणि ते पैसे परत मिळणार नाहीत. गुरुवारी रात्री नागपूरहून परतीची गाडी.

आता सफारीचं बघायला बसलो तर डोकं चक्रावलं. मोहर्लीचं कोअर (जंगलाचा आतला, मुख्य गाभा) फुल्ल दिसतंय. कोलारा गेटचं बुधवारी दुपारचं परमिट मिळतंय. एक एजंट म्हणतो, मंगळवारी सकाळचं मोहर्ली कोअर ‘व्हीआयपी कोट्यातून’ काढून देतो, गाडीमागे अठरा हजार, त्यातले पाच हजार आत्ता पाठवा. शेजारचे काका म्हणतात, बफर (गाभ्याभोवतीचा पट्टा) घेऊच नका, तिथे गाई-म्हशी दिसतात. भाचा म्हणतो, ताडोबा सोडा, मध्य प्रदेशातलं पेंच करा, तिथल्या तुरिया गेटला बुधवारी दुपारी गर्दी नसते. मुलाला ‘माया’ वाघीणच बघायची आहे. मी कोणतं परमिट घेऊ? आणि छोटीला मांडीवर घेऊन सातही जण एकाच जिप्सीत बसलो तर चालेल का?

— एक गोंधळलेली वाचक, ठाणे

उत्तर

ताई, सगळ्यात आधी त्या एजंटला पाच हजार पाठवू नका. ताडोबाचं कोअर दर मंगळवारी बंद असतं. ही साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे मंगळवारी सकाळचं कोअर परमिट ‘आतल्या कोट्यातून’ काढणारा माणूस एकतर ताडोबाला कधी गेलेला नाही, नाहीतर तुम्ही गेलेल्या नाही हे त्याने बरोबर ओळखलंय. पैसे याआधीच गेले असतील तर त्याच्याकडे परमिटची प्रत मागा. त्यावर तुमच्या घरच्यांची नावं, गेट, तारीख आणि पाळी छापलेली हवी. ‘गेटवर मिळेल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. टाळाटाळ सुरू झाली की यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, आणि तोही उशीर न करता.

भाच्याचं म्हणणं तर फारच खरं आहे. बुधवारी दुपारी तुरियाला गर्दी नसते, कारण मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारीच नसते! शिवाय तुरिया गेट नागपूरच्या उत्तरेला आणि तुमचं रिसॉर्ट नागपूरच्या दक्षिणेला. मधलं अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. पेंच सुंदर आहे, पण त्याची सहल वेगळी काढा. तेव्हा एक लक्षात ठेवा, पेंच दोन राज्यांत विभागलेलं आहे. तुरिया, कर्माझिरी, जमतरा ही गेटं मध्य प्रदेशची, त्यांचं बुकिंग त्या राज्याच्या साइटवर. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही आपल्याकडची. नाव एक, जंगल सलग, पण परमिट एकाचं दुसऱ्याला चालत नाही. एका बाजूचं परमिट घेऊन दुसऱ्या बाजूच्या गेटवर जाऊन उभी राहणारी कुटुंबं दर उन्हाळ्यात असतात. तोच घोळ ‘नवेगाव’चा. ताडोबाला नवेगाव नावाचं एक गेट आहे आणि गोंदिया जिल्ह्यात नवेगाव नावाचं आख्खं राष्ट्रीय उद्यान आहे. बुकिंग करताना नुसतं गेटचं नाव वाचू नका, वर प्रकल्पाचं नाव काय आहे तेही वाचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. लोक परमिट निवडताना पहिला प्रश्न विचारतात, कोअर की बफर? दुसरा विचारतात, वाघ कुठे जास्त दिसतो? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की तुम्ही झोपणार कुठे आणि पहाटे उठून किती वेळात गेटवर पोचणार? ताडोबाच्या कोअरची मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी ही गेटं नकाशावर एकाच हिरव्या ठिपक्याभोवती दिसतात, म्हणून माणूस समजतो की या गेटवरून त्या गेटला पाच-दहा मिनिटांत जाता येईल. पण मधून कुणालाही ये-जा करता येत नाही. मोहर्लीहून कोलाऱ्याला जायचं तर जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो, दोन-अडीच तास सहज जातात. मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. म्हणजे तुम्हाला मिळणाऱ्या बुधवार दुपारच्या परमिटसाठी मे महिन्यात भर दुपारी बाराला निघायचं, तिथे पोचून जिप्सीत बसायचं, सूर्यास्ताला बाहेर यायचं आणि अंधारात पुन्हा अडीच तास परत. सासऱ्यांच्या कमरेचा विचार बाजूला ठेवला तरी, चार वर्षांच्या मुलीला घेऊन हे करू नका. कोलारा गेट वाईट अजिबात नाही, नागपूरहून येणाऱ्याला तर तेच जवळ पडतं. पण ज्याचा मुक्काम कोलाऱ्याला त्याने ते घ्यावं.

तुम्ही रिसॉर्ट आधी घेतलं आणि परमिट नंतर बघितलं. बहुतेक जण असंच करतात. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा: आधी परमिट हातात, मग त्या गेटजवळची खोली. खोल्या भरपूर आहेत, परमिटं मोजकी. आता मात्र खोलीचे पैसे अडकलेत, तेव्हा मोहर्ली धरूनच बोलू.

ही परमिटं इतकी मोजकी का, तेही सांगते, म्हणजे ‘व्हीआयपी कोटा’ ऐकल्यावर हसू येईल. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. त्या तत्त्वांनुसार कोअरच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन करता येतं, आणि किती गाड्या सोडायच्या तेही ठरवून द्यावं लागतं. ताडोबाचं कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटर, त्यातला थोडासाच भाग तुमच्या-माझ्यासाठी, आणि त्यातही प्रत्येक गेटवरून सकाळी इतक्या आणि दुपारी इतक्याच गाड्या. मे महिन्याची सुट्टी, पाणवठ्यांवर वाघ, आणि पुण्या-मुंबईसह सगळा महाराष्ट्र एकाच वेळी मोकळा. मग मोहर्लीचं कोअर फुल्ल दिसणारच.

पण फुल्ल म्हणजे कायमचं फुल्ल नव्हे. लोक परमिटं रद्द करतात. शिवाय तत्काळसाठी काही जागा मागे ठेवलेल्या असतात, त्यांचा दर जास्त असतो. तेव्हा बुधवार सकाळ आणि गुरुवार सकाळ या दोनच पाळ्यांसाठी मोहर्ली कोअर रोज एकदा बघत राहा. मोहर्ली नाहीच मिळालं तर खुटवंडा बघा, मोहर्लीच्या मुक्कामाला ते त्यातल्या त्यात सोयीचं. मात्र रिसॉर्टला फोन करून ‘पहाटे तिथे पोचायला किती वेळ लागतो’ हे विचारून मगच पैसे भरा. झरी आणि पांगडी कोळसा वनक्षेत्रातली. तिकडे बांबू दाट, गर्दी कमी. ज्याला शांत जंगल हवं त्याच्यासाठी ती उत्तम, पण लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ती सुचवत नाही. बुकिंग वनखात्याच्या मायताडोबा याच साइटवर करा. तिच्या पत्त्यात महाफॉरेस्ट आणि शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. गुगलवर ‘ताडोबा सफारी बुकिंग’ टाकलं की वाघाचे झकास फोटो लावलेल्या डझनभर खासगी साइट वर येतात. त्यातल्या काही प्रामाणिकही असतील. पण परमिट ज्याचं त्याच्याच खिडकीत काढावं.

आता बफर. शेजारच्या काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बफरमध्ये गाई-म्हशी दिसतात, कारण तिथे गावं आहेत, शेतं आहेत, माणसं मोह आणि तेंदूपत्ता वेचायला जातात. मे महिना तर तेंदूच्या हंगामाचाच. पण काकांनी उरलेलं अर्धं सांगितलं नाही. ताडोबाचं बफर कोअरपेक्षा मोठं आहे, सुमारे अकराशे चौरस किलोमीटर, आणि वाघाला कोअर-बफरची रेघ दिसत नाही. कोअरमधल्या वाघिणींची पिल्लं मोठी झाली की त्यांना नवी हद्द शोधावी लागते. ती बाहेरच्या अंगाला सरकतात आणि बफरमध्ये स्थिरावतात. ताडोबाचे गेल्या काही वर्षांतले कितीतरी गाजलेले फोटो मदनापूर, अलिझंझा, निमढेला, आगरझरी अशा बफर गेटांवरचे आहेत. दर कमी, परमिट मिळण्याची शक्यता जास्त आणि गाड्याही बऱ्याचदा कमी. मोहर्लीला राहणाऱ्याला आगरझरी, देवाडा, जुनोना आणि अडेगाव ही बफर गेटं हाताशी आहेत. पहाटे अर्धा तास जास्त झोप मिळते, आणि सहलीत लहान मूल असलं की त्या अर्ध्या तासाची किंमत कळते.

मग कोअरला जायचंच कशाला? जायचं, एकदा तरी. हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं, आणि त्या जुन्या जंगलाची ऐट बफरला नाही. मोहर्ली गेटमधून आत गेलं की ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर गोंडकालीन दगडी खांब उभे दिसतात, गाइडला विचारलं तर तो त्यांची गोष्ट सांगेल. तेलियाचं तळं आहे, पांढरपौनीचा पाणवठा आहे. जामणीचं गवताळ रान आहे, जिथे पूर्वी गाव होतं. गाव हललं, शेतांच्या जागी गवत आलं, गवतावर चितळ आले आणि त्यांच्यामागे वाघ. आणि मग तो मोठा ताडोबा तलाव, ज्यात मगरी आहेत आणि ज्याच्या काठी तारूदेवाचं ठाणं आहे. वाघ दिसला नाही तरी कोअरची सकाळ वाया गेली असं मला कधी वाटलेलं नाही. बफरमध्ये वाघ दिसला नाही तर मात्र थोडं वाटतं, हे कबूल करायला हवं. रानकुत्रे, अस्वल, गवे या सगळ्यांची शक्यता दोन्हीकडे असते, पण कोअरमध्ये जंगल स्वतःच बघण्यासारखं आहे.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा: एक सकाळ बफरची, एक सकाळ कोअरची. तिसरी सकाळ इच्छा आणि पैसे उरले तर. दुपारची पाळी एकही नको. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्ही ठाण्याच्या घामावरून मोजू नका. इथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, उघड्या जिप्सीत तीन वाजता बसलं की लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. दुपारी पाणवठ्यावर वाघ बसतो, हे खरं आहे. हौशी फोटोग्राफर त्यासाठीच दुपारची पाळी घेतात. नणंदबाईंना हवं तर त्यांनी घ्यावी. पण चार वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांचे आजोबा यांना त्या वेळी खोलीत कूलरसमोरच राहू द्या.

मंगळवार पहाट बफर. कोअर बंद असल्यामुळे मोहर्लीला उतरलेली सगळीच मंडळी त्या दिवशी बफरकडे वळतात, म्हणून हे परमिट आजच काढा, उद्यावर टाकू नका. आगरझरी मिळालं तर आगरझरी, नाहीतर देवाडा किंवा जुनोना. या तिन्हींत फार तुलना करत बसू नका. बुधवार पहाट कोअर. गुरुवारची पहाटही हातात आहे: सकाळची सफारी नऊ-साडेनऊच्या सुमारास आटोपते, आंघोळ-नाश्ता करून अकराला निघालात तरी नागपूरची रात्रीची गाडी आरामात मिळते. बुधवारचं कोअर मिळालं नाही तर गुरुवारचं बघा. दोन्ही नाहीच मिळालं तर दुसऱ्या बफर गेटची एक सफारी घ्या आणि कोअर पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा. त्यासाठी सहल रद्द करू नका, आणि अठरा हजारही घालवू नका.

जिप्सीचं गणित. पर्यटकांसाठी जागा सहा. पुढे चालकाशेजारी गाइड बसतो, तो घ्यावाच लागतो. छोटीला मांडीवर घेण्याचा विचार मनातून काढून टाका. तिचं तिकीट लागो न लागो, सीट लागतेच. पहाटे पाचला उठवलेलं मूल तासाभरात झोपतं, आणि कच्च्या रस्त्यावर उडणाऱ्या गाडीत झोपलेलं मूल मांडीवर धरणाऱ्याच्या हाताचं काय होतं ते धरणाऱ्यालाच ठाऊक. सात जणांसाठी दोन जिप्सी करणं हा खर्चाचा मार्ग झाला. त्यापेक्षा पाळी लावा. मंगळवारच्या बफरला नणंदबाई सोडून सगळे सहा जण. बुधवारच्या कोअरच्या परमिटवर छोटी सोडून सहा जणांची नावं. त्या सहांतल्या कुणीतरी त्या सकाळी छोटीजवळ थांबायला हवं. कुणाची नावं कुठे घालायची ते मात्र आत्ताच ठरवा.

आता ‘आत्ताच’ का, तर परमिटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि गेटवर तेच ओळखपत्र दाखवावं लागतं. आयत्या वेळी ‘आईऐवजी मी जाते’ हे होत नाही. पण यातही एक सोय आहे. परमिट गाडीचं असतं, त्यामुळे सहाच्या सहा नावं भरून ठेवा, जाणार चारच असले तरी. नाव घालून न जाणं चालतं, नाव न घालता जाणं चालत नाही. मंगळवारी बफर करून आल्यावर सासऱ्यांची कंबर काय म्हणते ते कळेल. बरी असली तर बुधवारी ते येतील, नाहीतर नातीबरोबर झोपाळ्यावर बसतील, परमिटवर नाव असूनही. आणि नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा. सासूबाईंचं आधार माहेरच्या नावाने असेल तर परमिटवरही माहेरचंच नाव. गेटवरचा कर्मचारी पहाटेच्या अंधारात टॉर्च धरून अक्षरं जुळवत असतो, त्याला तुमच्या घरच्या वंशावळीत रस नसतो.

सासऱ्यांना जिप्सीच्या मधल्या रांगेत बसवा, मागच्या नव्हे. मागची रांग थोडी उंच असते, दिसतं छान, पण धक्के सगळे तिथेच बसतात. चालकाला निघण्यापूर्वी शांतपणे सांगा, ‘आजोबांना कमरेचा त्रास आहे.’ इथली पोरं गाडी जोरात पळवतात ती पर्यटकांच्या उत्साहापायी. वाघाचा पत्ता लागल्यावर ‘चलो, चलो’ करणारे तुम्ही नसलात तर तेही सावकाश चालवतात. कमरेच्या दृष्टीने मोहर्लीचं कोअर बरं, कारण ताडोबापर्यंतचा मुख्य रस्ता डांबरी आहे. आतले फाटे मात्र कच्चेच. सफारी चार तासांच्या आसपास चालते आणि मनाला येईल तिथे खाली उतरता येत नाही, हे सासू-सासऱ्यांना निघण्यापूर्वी सांगून ठेवा. पहाटेचा दुसरा चहा सफारीनंतर.

पैशांबद्दल एकच. सफारीचा खर्च तीन तुकड्यांचा असतो: प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दर चढे असतात. तुमचे दिवस मधल्या वारांचे आहेत, ते चांगलं झालं. कुणीही तुम्हाला एक ठोक आकडा सांगितला की विचारा, यात या तिघांपैकी काय काय आलं? रिसॉर्टवाले पुष्कळदा गाडीची सोय स्वतः करतात आणि त्यात त्यांची भर असते. त्यात चुकीचं काही नाही, फक्त ती भर किती ते माहीत असावं.

आता चिरंजीवांकडे. माया ही पांढरपौनीची राणीच होती, तिच्यासाठी लोक परदेशातून यायचे. पण २०२३ च्या पावसाळ्यापासून ती दिसली नाही. पुढे कोअरमध्ये सापडलेल्या अवशेषांच्या डीएनए तपासणीनंतर ती गेल्याचं वनखात्याने सांगितलं. मोबाइलवर तिचे व्हिडिओ अजून फिरतात, त्यामुळे मुलांना ती आहेच असं वाटतं. त्याला हे ठाण्यातच सांगा. जिप्सीत, सगळ्यांसमोर, गाइडच्या तोंडून कळलं तर त्याची सकाळ जाईल. मुलं हे ऐकून घेतात, आणि मग ‘तिची मुलं कुठे आहेत?’ असा प्रश्न विचारतात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मोहर्लीचा कुठलाही गाइड तयारच असतो. आजूबाजूच्या गावांतली ही माणसं, वाघांच्या चार-चार पिढ्या त्यांना तोंडपाठ. मुलाला गाइडच्या मागच्या सीटवर बसवा आणि वानराचा कॉल (म्हणजे धोक्याची हाक), चितळाचा कॉल, सांबराचा कॉल यांतला फरक ओळखायला सांगा. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, हे एकदा कळलं की दहा वर्षांचा मुलगा चार तास कान देऊन बसतो.

तेवढ्यासाठी त्याच्याजवळ मोबाइल नसणारच. कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे, फोन खोलीवर ठेवूनच निघा. नणंदबाईंच्या कॅमेऱ्याला बंदी नाही. मोठी लेन्स असेल तर तिचं वेगळं शुल्क आहे का, ते बुकिंग करतानाच बघून घ्या. नव्या कॅमेऱ्याची बटणं घरी शिकून या म्हणावं. वाघ रस्ता ओलांडायला पाच-सात सेकंद घेतो.

मंगळवारची दुपार आणि संध्याकाळ रिकामी राहील. आगरझरीला फुलपाखरू उद्यान आहे, ऊन कलल्यावर छोटीला तिथे न्या. तिची खरी सफारी तीच. सासूबाईंना देवदर्शन हवं असेल तर चंद्रपूरची महाकाली आहे, मोहर्लीहून तासाभरावर. शहराला अजून गोंड राजांचा परकोट आहे, त्याच्या वेशीतून गाडी जाते. गुरुवारी परतताना वरोऱ्याला आनंदवन रस्त्यातच लागतं, सकाळची सफारी घेतली नाहीत तर तिथे निवांत थांबता येईल. आणि वाघ दिसलाच नाही आणि मुलं फार हिरमुसली, तर नागपुरात गोरेवाड्याची बस सफारी आहे. कुंपणातले वाघ, पण मोठ्या रानात. मी ते जंगलाच्या जागी सुचवत नाही, चार वर्षांच्या मुलीसाठी सुचवते. तिला पिंजरा नसलेला वाघ जवळून दिसेल आणि आजोबांना गादीची सीट मिळेल.

आज रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांची ओळखपत्रं टेबलावर काढा, मंगळवार पहाटेचं बफर बुक करून टाका आणि मग बुधवारच्या मोहर्ली कोअरवर रोज नजर ठेवायचं काम नणंदबाईंना द्या. कॅमेरा घेतलेल्या माणसाइतकी चिकाटी घरात दुसऱ्या कुणाला नसेल.